घरात कुणाला व्यसन?

आमच्या घरात दोन भावांचे हात थरथरायचे. धाकट्याचे, म्हणजे बापूकाकांचे, सकाळच्या वेळी. थोरल्या अण्णांचे पुढे बऱ्याच वर्षांनी, आणि दिवसभर. बापूंचा हात थरथरला की घरातली माणसं मान फिरवायची. अण्णांचा थरथरायला लागला तसं सगळं घर गाडी करून मिरजेला आलं. मिरजेत माझं मेडिकल आहे, त्यामुळे दोघांचीही औषधं माझ्याच हातून गेली. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून माणसं बघायची सवय लागली की त्यांच्याबद्दलचे निवाडे जरा लांबणीवर पडतात. घरातले निवाडे मात्र फार लवकर होतात.

बापू एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. गाडी फाटकातून आत येतानाच आवाजावरून "हिचा क्लच गेलाय" असं सांगणारा माणूस. पण सकाळी हातात पाना ठरायचा नाही. कपबशी दोन्ही हातांनी धरली तरी निम्मा चहा बशीत. मग ते "आलोच" म्हणून बाहेर पडायचे, चपटी पोटात जायची आणि थोड्या वेळात तोच हात सरळ. आजी म्हणायची, "प्याला की शहाणा, नाही प्याला की वेडा. नाटकं आहेत मेल्याची."

नाटक त्यात काडीचंही नव्हतं. मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. आणि त्यांना चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबून टाकते, म्हणून पहिल्या घोटांनंतर माणूस सैलावतो. रोज, वर्षानुवर्षं हेच चाललं की मेंदू त्यावर उपाय काढतो. शांत करणारी यंत्रणा स्वतःहून कमी करतो, चेतवणारी वाढवतो. दारू आहे असं धरूनच सगळा हिशेब मांडून बसतो. रात्री झोपेत दारू उतरते, हिशेब मात्र तसाच राहतो. त्याचीच सकाळची थरथर, घाम, धडधड. कुणाला फिट येते, कुणाला भिंतीवर किडे दिसतात. फार पिणाऱ्या माणसाला घरच्यांनी खोलीत कोंडून एका दिवसात दारू बंद केली तर ते जिवावर बेतू शकतं. हे मी काउंटरवरून सांगतो तेव्हा लोकांना वाटतं, हा दारूवाल्यांचीच बाजू घेतोय.

दुकानात एक मागणी ठरलेली असते. बाई एकटी येते, गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला थांबते आणि हळू विचारते, "ती दारू सोडवायची गोळी आहे का, आमटीत घालायची? त्यांना कळायला नको." ती डायसल्फिराम मागत असते. दारूचं शरीरात पहिल्यांदा अॅसिटाल्डिहाइड होतं, पुढे त्याचं विघटन होतं. ही गोळी ते पुढचं काम अडवते. मग दारू प्यायल्यावर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. माहीत असताना घेतली तर ती माणसाला आवर घालायला उपयोगी पडते. न सांगता आमटीतून दिली तर ते विष घालण्याच्या जवळचं काम आहे. मी देत नाही, ती दुसऱ्या दुकानात जाते. तिचा राग मला येत नाही. मुलांच्या फीचे पैसे कुठे गेले हे तिला माहीत असतं.

आता अण्णा. जिल्हा परिषदेच्या शाळेतले हेडमास्तर. शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी होती आणि ती पाटी खरी होती, कारण पाटीखाली अण्णा उभे असत. पंगतीत विडा आला की बाजूला सारणार. दिवाळीत घरात पत्त्यांचा डाव पडला की पेपर घेऊन ओसरीवर. निवृत्तीनंतर त्यांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असतानाच अंगठा तर्जनीवर फिरत राहायला लागला. अक्षर बारीक होत गेलं. फळ्यावर वळणदार लिहिणाऱ्या माणसाची सही बँकेनं परत पाठवली तेव्हा काकू घाबरली. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, निघाला.

या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका काळपट भागातल्या, सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या, डोपामाइन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागतो तोवर त्यातल्या साधारण निम्म्या गेलेल्या असतात. या शोधाच्या कहाणीत आपल्या मातीतल्या दोन वनस्पती आहेत, आणि औषधाच्या धंद्यात असल्यामुळे मला त्यांचं अप्रूप आहे. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिलं. रेसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतून निघालेलं औषध. ससे निपचित पडले, कारण रेसर्पिननं मेंदूतला डोपामाइनसारख्या रसायनांचा साठा रिकामा केला होता. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं, ज्याचं मेंदूत डोपामाइन होतं, तसे ससे उठून हिंडायला लागले. कार्लसन यांना पुढे २००० साली नोबेल मिळालं. आणि हे लेव्होडोपा आपल्या बांधावरच्या खाजकुइलीच्या बियांमध्ये भरपूर असतं. ते त्या बियांतून १९३७ साली मद्रासमध्ये वेगळं काढलेलं होतं. ज्या वेलाला हात लागला तर आजी शेण लावायची, त्यातच हे औषध.

अण्णांना मात्र सुरुवातीला लेव्होडोपा दिलं नाही. त्याऐवजी प्रामिपेक्सोल दिलं. हे डोपामाइन नसतं. डोपामाइन जिथे जाऊन बसतं त्या जागी जाऊन बसणारं औषध असतं. कंपवातावर ते चांगलं काम करतं. डॉक्टर भले माणूस होते, सगळी चौकशी केली. झोप, बद्धकोष्ठ, पडणं-बिडणं. मग विचारलं, "घरात कुणाला व्यसन? दारू वगैरे?"

काकू म्हणाली, "छे हो, माळकरी घर आहे आमचं."

बापू तेव्हा बाहेर गाडीत बसले होते. गाडी त्यांनीच चालवत आणली होती. दारू सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला नेमानं जात होते. पण दवाखान्यात नाव सांगण्याइतके ते अजून घरात परत आले नव्हते.

हा प्रश्न डॉक्टर उगीच विचारत नव्हते. कंपवाताच्या ज्या रुग्णांना या गोळ्यांनी जुगाराचा नाद लागला त्यांच्यावर २००७ साली एक अभ्यास छापून आला. त्यात रुग्णाला स्वतःला किंवा त्याच्या घरात कुणाला दारूचा त्रास असणं हा एक धोक्याचा खुणेचा दगड ठरला. पहिली पट्टी देताना मी काकूला सांगितलं होतं, "खर्च वाढला, खाणं वाढलं, जुगार, लॉटरी असलं काही दिसलं तर लगेच सांग." ती हसून म्हणाली, "अण्णा आणि जुगार? तू पण ना."

सुरुवातीला तर सगळी दिवाळीच होती. हात थांबला. चालणं सुटलं. शाळेच्या एका कार्यक्रमात अण्णांनी फळ्यावर सुविचार लिहिला तेव्हा काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरानं फोनवर रमी आली. पहिल्यांदा वेळ घालवायला, मग पैशांनी, मग रात्री. काकूनं एकदा पहाटे तीनला उठून बघितलं तर पांघरुणाच्या आत उजेड, आणि त्या उजेडात अण्णांचा अंगठा पडद्यावर सपासप चाललेला. त्या अंगठ्याला कंप अजिबात नव्हता. पेन्शन गेली, मुदत ठेव मोडली, शेवटी काकूच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि त्या तिला सोनाराकडून कळल्या.

ओळखलं बापूंनी. ते दुकानात आले आणि म्हणाले, "बाळ्या, अण्णाला तलफ लागलीय."

मी म्हटलं, "कशावरून?"

"फोन घेऊन संडासात जातोय. मी बाटली वरच्या टाकीत ठेवायचो, मला कोण सांगतंय! आणि कुठं निघालास म्हटलं की विचारायच्या आधीच कारण तयार असतंय. ज्याला काही लपवायचं नसतं त्याला कारण शोधायला वेळ लागतो."

अशा केसेस जगाच्या नजरेत यायला फार उशीर लागला, कारण माणसं डॉक्टरला हात दाखवतात, पासबुक दाखवत नाहीत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २००५ साली अकरा रुग्णांची नोंद छापली. सगळे कंपवाताचे, सगळ्यांना जुगाराचं वेड लागलेलं, आणि त्यातले नऊ जण प्रामिपेक्सोलवर. मग २०१० साली अमेरिका आणि कॅनडातल्या ३०९० रुग्णांची मोठी पाहणी आली. जुगार, बेफाम खरेदी, अधाशी खाणं, अनावर कामेच्छा यांपैकी काही ना काही, या गटातली औषधं घेणाऱ्या १७.१ टक्के लोकांत सापडलं. ती न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. म्हणजे बहुतेकांना काहीच होत नाही, हेही त्यातच आलं. पण साधारण सहांत एक हा आकडा लहान नाही.

असं का होतं, ते अण्णांना मी त्यांच्याच शेताच्या भाषेत सांगितलं. डोपामाइनची गरज मेंदूत दोन ठिकाणी असते. एक भाग हालचालींचा, तिथल्या पेशी या आजारात आधी आणि जास्त मरतात. दुसरा खालचा भाग हवंनको ठरवणारा, लालसेचा आणि उमेदीचा, तिथलं डोपामाइन सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असतं. आता टोकाच्या सुकलेल्या वाफ्याला पाणी पोचावं म्हणून पाट मोठा सोडला तर अलीकडचा भिजलेला वाफा तुंबणारच. त्यात डोपामाइन जिथे जाऊन बसतं त्या जागांना ग्राहक म्हणतात, प्रामिपेक्सोलचा ओढा त्यातल्या डी-३ नावाच्या ग्राहकांकडे जास्त, आणि ते ग्राहक नेमके त्या खालच्या भागात दाटीनं असतात. अण्णा ऐकत होते. म्हणाले, "मग हरलो तरी शहाणपण का येत नव्हतं? पोरांना मी एका चुकीत शिकवायचो."

त्याचंही उत्तर आहे. मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कंपवाताच्या रुग्णांना चिन्हांच्या जोड्या दाखवून, कुठलं निवडलं की बरोबर येतं हे अनुभवानं ओळखायला लावलं. औषध न घेतलेले रुग्ण चुकांमधून चांगलं शिकत. औषध घेतलेले बरोबर आलेल्यातून शिकत, चुकीतून कमी. काहीतरी अपेक्षेपेक्षा वाईट घडलं की डोपामाइनच्या पेशी क्षणभर गप्प होतात, आणि ती गप्प होण्याची खूण म्हणजेच शिक्षा. गोळीनं ग्राहक सतत भरलेले असतील तर ती खूण ऐकूच येत नाही. जिंकल्याचा ढोल वाजतो, हरल्याची शांतता कळत नाही. रमीसारखे खेळ याच जागेवर बोट ठेवतात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या गटानं २००३ साली माकडांवर दाखवलं की फळांचा रस मिळेल की नाही हे अगदी निम्मं-निम्मं अनिश्चित असतं, तेव्हा निकाल लागेपर्यंत डोपामाइनच्या पेशींचं काम चढत जातं. मिळणार हे नक्की असलं किंवा मिळणार नाही हे नक्की असलं, तर ते चढत नाही.

आणखी एक गोष्ट अण्णा बोलले ती मला फार महत्त्वाची वाटते. "मजा नव्हती रे येत. पहिले थोडे दिवस आली असेल. नंतर नुसतं पाहिजे असायचं." मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज गेली कित्येक वर्षं हेच सांगताहेत, की आवडणं आणि हवं असणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामाइन मुख्यतः दुसऱ्या खात्यात काम करतं. दारू, निकोटीन, गर्द, कोकेन, प्रत्येकाची वाट निराळी, पण सगळे त्याच खालच्या भागात डोपामाइन वाढवतात. बापूंना हे सांगायची गरज नव्हती. "शेवटच्या वर्षांत दारू गोड लागत होती असं कोण म्हणेल? ओकायचो आणि परत प्यायचो," असं ते एकदा सहज म्हणून गेले होते.

डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी केली आणि लेव्होडोपा सुरू केलं. (ही गोळी मनानं एकदम बंद करायची नसते, हे इथेच सांगून ठेवतो.) तरी मधले महिने वाईट गेले. अंगाला घाम, जीव घाबरा, झोप नाही, कशात मन नाही. हात ठीक होता, माणूस ठीक नव्हता. या अवस्थेचं वर्णनही २०१० साली झालंय. ती कोकेन सोडणाऱ्याच्या अवस्थेसारखी असते आणि लेव्होडोपा वाढवून ती शमत नाही. त्या दिवसांत एका दुपारी अण्णा एकटेच रिक्षा करून दुकानात आले. गर्दी होती, तर बाजूला थांबले. गर्दी सरल्यावर काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आधीच्या गोळीची एक पट्टी दे. काकूला सांगू नकोस. एकच."

मी म्हटलं, "अण्णा, चिठ्ठीशिवाय नाही देता येणार."

"मी तुला पाढे शिकवलेत."

"हो."

"अर्धी पट्टी दे मग. कापून."

याच माणसानं बापूंना एके काळी पायरीखाली उभं करून सांगितलं होतं की ज्याला स्वतःच्या जिभेवर ताबा नाही त्यानं या घरचं नाव लावू नये. मी पट्टी दिली नाही. खुर्ची दिली, चहा मागवला आणि बापूंना फोन केला. बापू आले, त्यांनी अण्णांना उपदेश वगैरे काही केला नाही. एवढंच म्हणाले, "आता पाच वाजलेत. साडेपाचपर्यंत इथं बसू. मग बघू." साडेपाचला म्हणाले, "सहापर्यंत बसू."

हे मीटिंगमधलं शहाणपण. १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झालं तेव्हापासून 'फक्त आजचा दिवस' हे चालत आलंय. मला ते बरीच वर्षं भाबडं वाटायचं. पण व्यसनी माणसाच्या मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना जे पुन्हा पुन्हा दिसलं ते हेच, की आज मिळणारे थोडे आणि पुढे मिळणारे जास्त यांत तो आजचे थोडे उचलतो, कारण पुढचा काळ त्याच्या हिशेबात फार लवकर विरून जातो. अशा माणसाला 'जन्मभर पिऊ नकोस' म्हणण्यात काय अर्थ? त्याच्याकडे जेवढा काळ शिल्लक आहे तेवढ्यातच त्याच्याशी सौदा करावा लागतो. अर्धा तास तर अर्धा तास.

अण्णा सावरले. रमीचं अॅप त्यांनी स्वतःच काढून टाकलं. आणि घरानं अण्णांना माफ करून टाकलं, चुटकीसरशी. "गोळीनं झालं हो ते, त्यांचा काय दोष," असं काकू आल्या-गेल्याला सांगते. कायदाही तसंच म्हणतो. फ्रान्समध्ये रोपिनिरोल नावाची याच जातीची गोळी घेऊन जुगारात बुडालेल्या एका रुग्णाला २०१२ साली रेनच्या अपील न्यायालयानं औषध कंपनीकडून भरपाई मिळवून दिली. मला ते योग्यच वाटतं. पण ते वाचताना बापू आठवतात. रसायन त्याच जागी शिरलं, त्यानं तीच लालसा वाढवली, तेच आवरणं कमी केलं. एकाची चिठ्ठी होती, दुसऱ्याची नव्हती. एवढ्या फरकावर आपण एकाला रोगी आणि दुसऱ्याला नालायक ठरवतो का? डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, म्हणजे व्यसनी माणूस आजारी असतो हे मराठीत मोठ्यानं सांगून चाळीसेक वर्षं होत आली. आमच्या ओसरीपर्यंत ते अजून आलेलं नाही.

गंमत अशी की हा युक्तिवाद बापूंना पटत नाही. मी एकदा सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाले, "मला तुझ्या त्या गाबा-बिबाच्या पदराखाली घेऊ नकोस. पहिली चपटी मी माझ्या पायांनी जाऊन आणली. अण्णानं डॉक्टरवर भरवसा ठेवला, मी कुणावर ठेवला होता?" थोडं थांबून म्हणाले, "पुढच्या कुणी आणल्या ते मात्र तू शोध. तेव्हा मी नव्हतो." मला वाटतं, यात दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनं दुसरी खोटी होत नाही. दोष द्यायचाच तर द्यावा, पण दोष देऊन तलफ जात नाही, हे मी रोज काउंटरवर बघतो. आणि नुसतं रसायन म्हणून सोडून दिलं तर सोडणाऱ्याच्या कष्टांची किंमत राहत नाही. बापू त्यांच्या कष्टांची किंमत सोडायला तयार नाहीत, आणि त्यांनी का सोडावी?

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला, तेव्हा अण्णांनी पेपर घेऊन काकूला गाठलं. बँकेचं कार्ड अजून तिच्याकडे होतं. "आता सरकारनंच रमी बंद केलीय. गोळीही बंद. मग कार्ड द्यायला तुझी काय हरकत आहे?" मुद्दा हेडमास्तरांचा, बिनतोड. काकूनं माझ्याकडे बघितलं. मी बापूंकडे.

"देऊ नका वहिनी," बापू म्हणाले. "मला सोडून इतकी वर्षं झाली, माझं कार्ड अजून आमच्या हिच्याकडं आहे. शंभर रुपये मागितले तर दोनशे प्रश्न विचारते."

"मग तू मागत का नाहीस कार्ड?" अण्णांनी विचारलं.

"मागतो की. दर महिन्याला मागतो. तू पण माग."